झाडावरचा क्रूस

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पितरांना जेवू घालणं ही फक्त आपलीच रीत, असा माझा समज होता. पण उत्तर युरोपातल्या एस्टोनिया या देशातही शरद ऋतू सरताना पूर्वी घरोघरी मृतांसाठी पान मांडत, एकेकाला नावाने हाक मारत. त्या दिवसांत गोंगाट वर्ज्य. आता २ नोव्हेंबरला खिडकीत मेणबत्ती लावतात. नाताळच्या संध्याकाळी बर्फातल्या कबरीही उजळतात.

मला मात्र चटका लावला दक्षिण एस्टोनियातल्या प्रथेने. अंत्ययात्रा वाटेत थांबते आणि नातलग जिवंत पाइनच्या खोडावर सुरीने क्रूस कोरतात. कशासाठी? तर गेलेल्याने पुन्हा घराकडे वळू नये म्हणून! एकाच माणसाला अडवायचंही आणि वर्षाकाठी जेवायलाही बोलवायचं. आपल्याकडे निदान कावळ्याला तरी विचारतात.

– एक वाचक, सातारा