एका लॉगिनवर सारी दारे उघडतात, तर राखणदारही हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माझे काम सॉफ्टवेअर तपासण्याचे. तरीही प्रत्येक ठिकाणी नवा पासवर्ड नको म्हणून 'गूगलने लॉगिन', 'ॲपलने लॉगिन' अशी बटणे मीही दाबते. त्या बटणामागे घडते ते असे: ॲप आपल्याला ओळखत नाही, ते ॲपल किंवा गूगलने सही करून दिलेल्या चिठ्ठीवर विश्वास ठेवते. या चिठ्ठीला टोकन म्हणतात. सही खरी ठरली की माणूसही खरा धरला जातो.

एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या भावुक जैन या संशोधकाला आढळले की, ॲपलकडे कुणाचाही ईमेल पत्ता देऊन चिठ्ठी मागितली तरी ती मिळते, आणि तिच्यावरची सही अस्सल असते! स्वतःची वेगळी तपासणी न ठेवणाऱ्या ॲपमध्ये दुसऱ्याच्या नावाने सरळ आत जाता आले असते. पासवर्ड चोरायचीही गरज नव्हती. ॲपलने चूक सुधारली, नोंदी तपासून गैरवापर झाला नसल्याचे सांगितले आणि जैन यांना एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ७५ लाख रुपये दिले.

त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या डिजिलॉकरमध्ये ओटीपीला बगल देऊन दुसऱ्याच्या खात्यात शिरता येईल अशी त्रुटी सापडली. तीही संशोधकांनीच कळवली आणि ती बुजवली गेली. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राने 'मेरी पहचान' ही एकाच लॉगिनवर अनेक सरकारी सेवा देणारी व्यवस्था आणली. सोय मोठी आहे, माझा तिला विरोध नाही. पण इथली एक चूक एका खात्यापुरती राहणार नाही.

मग ती शोधणाऱ्याला आपण काय देतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार परवानगीविना संगणक प्रणालीत शिरणाऱ्याकडून भरपाई मागता येते. शिरणाऱ्याचा हेतू चांगला होता का, हे ते कलम विचारत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने अशीच एक त्रुटी दिसूनही भीतीपोटी कळवली नाही. आधार प्राधिकरणाने २०२२ मध्ये त्रुटी शोधण्याची मोहीम जाहीर केली, तीही निवडक २० जणांसाठी.

इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने प्रामाणिकपणे त्रुटी कळवणाऱ्यांना कायद्याने अभय द्यावे, दुरुस्तीची मुदत ठरवावी आणि 'मेरी पहचान'साठी बक्षीस योजना सर्वांना खुली करावी, ही विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे