धुणं मावेल, तुम्ही या

निशी-कासाई, टोकियो
१० मे

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुमच्या एवढ्याशा घरात आमचं धुणं कुठे गं वाळत घालणार?" आणि मी काही बोलायच्या आत फोन बाबांच्या हातात दिलास. म्हणून कागदावर लिहितेय, आता तरी शेवटपर्यंत ऐकून घेशील. जूनमध्ये न येण्याची दुसरी कारणं काढ. हे चालायचं नाही.

आधी जागा सांगते. न्हाणीघराच्या दाराबाहेर, बेसिनच्या शेजारी, प्लास्टिकचं एक चौकोनी ताट जमिनीत बसवलेलं आहे, ६४ सेंटिमीटर लांब, तेवढंच रुंद. कपडे धुण्याचं मशीन त्या ताटातच ठेवायचं, म्हणजे पाइप सुटला तरी पाणी खालच्या बिऱ्हाडात जात नाही. भाड्याच्या घरात इथे बहुधा ताट तेवढं मिळतं, मशीन आपलं आपण आणायचं. आम्ही ताट मोजलं, दार मोजलं, बोळ मोजला, आणि भिंतीवरचा नळ मोजायचा राहिला. मशीन आलं, झाकण वर केलं, ते अर्ध्यातच नळाला टेकलं. आणून देणाऱ्या दोघांनी चूक आमची असून वाकून वाकून माफी मागितली आणि मशीन उचलून परत नेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आताचं सात किलोचं आहे, वरून कपडे टाकायचं, बुटकं.

ताट आणि भिंत यांच्यात वीतभर फट आहे. वर्षभर मी त्या फटीत पडलेले मोजे झाडूच्या दांड्याने उकरून काढत होते. मग चाकांची एक अरुंद, उभी मांडणी मिळाली, ती आत सरकवली. पावडर, चिमटे, पिलूच्या कपड्यांचा वेगळा साबण, सगळं तिच्यात गेलं. मशीनचं अंग पत्र्याचं, त्यामुळे त्याला लोहचुंबकाचे हुक चिकटतात. पायपुसणं, जाळीच्या पिशव्या, ब्रश तिथे लटकलेले असतात. भिंतीला खिळा मारायची सोय नाही, घर सोडताना भरून द्यावं लागतं.

आणि आता वलणी. आजीच्या माजघरात आढ्याला टांगलेला बांबू आठव. खालून आमची पळापळ, वर सोवळं वाळतंय, आणि आजी काठीने ते नीट सारखं करतेय. मी इथे तेच केलंय, फक्त आढं नाही. दोन भिंतींच्या मध्ये घट्ट बसणारी नळी मिळते, आत स्प्रिंग असते, फिरवली की लांब होते आणि दोन्हीकडे दाबून बसते. पहिली नळी रात्री दोन वाजता दोन जीन्स आणि एका ओल्या टॉवेलसकट खाली आली. जावईबापू बॅट घेऊन बाहेर धावले, चोर समजून. झालं होतं असं की भिंत म्हणजे नुसती जिप्समची पातळ फळी, मागे पोकळ. आता बोटाने ठकठक करत गेले, जिथे आवाज भरीव आला, म्हणजे मागे आधाराची पट्टी आहे, तिथेच टोक टेकवलं. शिवाय नळी जितकी लांब ओढावी तितकं वजन ती कमी पेलते. हे खोक्यावर छापलेलं होतं, वाचलं कोणी!

तू म्हणशील, गॅलरी आहे ना? आहे. पण फेब्रुवारी ते एप्रिल सुगी नावाच्या झाडांचे परागकण उडतात, कपडे बाहेर घातले की घरभर शिंका. तुम्ही याल तेव्हा त्सुयु, म्हणजे इथला पावसाळा, जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापुढेपर्यंत. आपल्या चिपळूणसारखा कोसळत नाही, पण हवा तशीच दमट आणि कपड्यांना तोच कुबट वास. गॅलरीत स्टँडचं जंगलही करता येत नाही, कारण आमच्या आणि शेजारच्या गॅलरीच्या मधली पातळ आडभिंत आग लागली तर फोडून पळायचं असतं, ती वाट मोकळी हवी.

म्हणून वाळवण न्हाणीघरात. छताला गरम हवेचा पंखा आहे, खाली आडव्या दोन दांड्या. पंखा तासाला साधारण सव्वा युनिट खातो, तेव्हा आधी नुसती हवा खेळवते आणि शेवटचा तासभर गरम. पिळे झटकून, लांब कपडे दोन टोकांना आणि आखूड मध्ये, अशी कमान करून घालते, खालून हवा नीट फिरते. माझी सुती साडी चौपदरी करून दोन्ही दांड्यांवर पसरली, मधली फट मोकळी ठेवली, तर पाच तासांत खडखडीत वाळली. तुझीही वाळेल.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, इथे येऊन नाक मुरडू नकोस. टबमध्ये बसायच्या आधी बाहेर अंग घासून, धुऊन घ्यायचं, म्हणजे टबातलं पाणी जवळजवळ स्वच्छच राहतं. घरातले सगळे एकाच पाण्यात बसतात, आणि उरलेलं पाणी छोट्या पंपाने मशीनमध्ये ओढतात. धुण्यापुरतंच, शेवटी खळबळायला नळाचं. बाबांचं पूजेचं धोतर मात्र मी पहिल्यापासून नळाच्याच पाण्यात काढीन, त्यांना सांग. आणि तुला कॉलर घासायला मोरी हवीच ना? टबासमोरची ओली जागा ही अगदी मोरीच, बसायला बुटकं स्टूलसुद्धा आहे. रात्री नऊनंतर मशीन लावत नाही, खालच्यांना आवाज जातो. त्यामुळे धुणं रोजचं, सकाळी, थोडंथोडं. साचवलं की संपलंच.

तेव्हा साड्या सहा आणू नकोस, तीन पुरे, जाड काठाची एकही नको. बाबांचे पंचे पातळ आण. वाचलेल्या वजनात कोकम आणि कुळथाचं पीठ.

एक काम कर. आजीच्या काठीला वरच्या टोकाला बेचकं आहे, त्याचा फोटो दादाला काढून पाठवायला सांग, बाजूला मोजपट्टी धरून. माझ्या काठीला सरळ टोक आहे, हँगर वर चढवताना निसटतो आणि नेमका माझ्या डोक्यात पडतो. जाड तार वाकवून तसंच करून बघते.

पिलूचा पापा. बाबांना नमस्कार.

तुझी,
लेक