आईच्या खोलीतलं ऊन

भिलार, ता. महाबळेश्वर
१९ जानेवारी

प्रिय दिल्या,

सप्रेम नमस्कार. संक्रांतीला फोनवर तू विचारलंस, ‘आईची खोली उन्हावर उबदार करायची ती पेटी झाली का?’ आणि मी नुसतं ‘झाली’ म्हणालो. दोन मिनिटांत सांगायची गोष्ट नव्हती ती. आज निवांत लिहितोय.

इथली थंडी तुला ठाऊक आहे. वेण्णा तलावाकडं दव गोठतं त्या दिवसांत आमच्याकडंही पहाटे बोटं वळत नाहीत. आईचे गुडघे तेव्हा फार धरतात. गेल्या वर्षी ती दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी जवळ घेऊन बसायची. निखारे फुलले की धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो आणि त्याला वासही नसतो. एकदा संध्याकाळी तिचं डोकं गरगरायला लागलं. त्याच रात्री ठरवलं, शेगडी खोलीतून बाहेर.

तिच्या खोलीची दक्षिणेची भिंत दिवसभर उन्हात असते. तीच धरली. सात फूट उंच, चार फूट रुंद अशी लाकडी चौकट केली, मागं प्लायवूड, पोटात पन्हाळी पत्रा. पत्र्याला फळ्याचा काळा रंग दिला, कारण चकाकणारा रंग ऊन परत फेकतो. पुढं जुन्या खिडक्यांच्या काचा सिलिकॉननं बसवल्या. ऊन काचेतून आत शिरतं, पत्रा तापतो, पण तापलेल्या पत्र्याची धग काच सहजी बाहेर सोडत नाही. भिंतीला खाली एक आणि वर एक भोक. खोलीतली गार हवा खालून पेटीत जाते, तापून हलकी होते आणि वरून परत खोलीत येते. भिंत जांभ्याची, त्यामुळं गवंड्याची छिन्नी पटापट चालली. प्लायवूडला आतून आधी थर्माकोल लावला होता, तो तिसऱ्या दिवशी आकसून वाकडा झाला. काढून ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, भरलं आणि रंगाचा वास जाईपर्यंत पेटी आठवडाभर अंगणात तापवली.

भिंतीला लावली त्या दिवशी अकरा वाजता वरच्या भोकाशी थर्मामीटर धरला, ६८ अंश! मी आईला हाका मारून बोलावलं. तिनं हात धरला, ‘भाजतंय रे’ म्हणाली आणि पुन्हा शाल पांघरून बसली. दुपारी दोनला खोलीचा पारा १६ वरून जेमतेम १७ वर. मला काही उमजेना. खालच्या भोकाशी उदबत्ती धरली तर धूर आत ओढल्यासारखा झाला खरा, पण किती सावकाश.

तेव्हा तुझं वाक्य आठवलं. तासगावच्या शेडमध्ये द्राक्षांच्या जाळ्यांखालून वाकून चालताना तू म्हणाला होतास, ‘बेदाणा उन्हानं नव्हं, वाऱ्यानं वाळतो.’ मी दोन इंची पाइप बसवले होते! हवा पेटीत अडकून नुसती तापत होती, आणि पेटी जितकी जास्त तापते तितकी ऊब काचेतून बाहेर जाते. ६८ हा आकडा बघून मी हुरळलो होतो, पण तीच तर चूक होती. मग भोकं चांगली वीतभर केली, वरच्या भोकात कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा बसवला आणि तो छोट्या सोलर पॅनेलला थेट जोडला. बॅटरी नाही, बटण नाही. ऊन आलं की फिरतो, गेलं की थांबतो. आता वरून येणारी हवा ३८ अंशांची असते, हाताला नुसती कोमट, पण भरपूर. दोनला खोली २१ अंशांवर जाते. स्वच्छ उन्हात भर दुपारी साधारण ८०० वॉटच्या हीटरइतकी ऊब मिळत असावी, असा माझा हिशेब आहे.

एक खोड राहिली होती. रात्री खोली उलट जास्त गार पडायची. पुन्हा उदबत्ती धरली तर धूर उलटा, खोलीत येत होता. रात्री पेटीतली हवा गार होऊन खाली उतरते, खालच्या भोकातून खोलीत येते आणि वरून उबदार हवा ओढून घेते. खालच्या भोकाला जाळी लावली आणि पेटीच्या बाजूनं तिच्यावर भाजीच्या पिशवीचा पातळ तुकडा टांगला. दिवसा तो हवेनं उचलला जातो, रात्री जाळीला चिकटून वाट बंद करतो. पेटीतलं इतकं मोलाचं दुसरं काही नाही बघ.

उन्हाळ्याची काळजी नको. डिसेंबरात इथं भर दुपारीही सूर्य ४९ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून उभ्या भिंतीला ऊन मिळतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा वळचणीच्या सावलीत पेटी आपोआप निजते. पावसाळ्यात तिच्यावर पत्रा झाकेन. नंतर वाचनात आलं, की एडवर्ड मोर्स नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानं १८८१ मध्येच अशा सोयीचं पेटंट घेतलं होतं. इतकी जुनी युक्ती आपल्या डोंगरावर घरोघरी का नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आई आता दुपारी वरच्या भोकाखाली पाट टाकून गहू निवडते. काल शाल खुंटीलाच होती.

वहिनींच्या माहेरी, पाटणला, दुसरी पेटी करू. तिथं पत्र्याऐवजी अॅल्युमिनियमची मच्छरजाळी काळी रंगवून तिरपी ताणायची आहे, हवा तिच्यातून आरपार जाईल. शेडची गडबड सुरू व्हायच्या आत ये, आणि मिरजेतून पंधरा फूट जाळी घेऊन ये. चार फूट रुंदीची. बारीक विणीची नको.

तुझा,
बाळू