६४१ने भाग घालून पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतल्या कोड्याचे उत्तर चुकले आहे. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या मूळ संख्या देऊन पुढची मूळ संख्या विचारली होती आणि उत्तर छापले ४,२९,४९,६७,२९७. रांगेतली पुढची संख्या हीच, त्याबद्दल तक्रार नाही. दोनचा घातांक १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत जायचे आणि दर वेळी एक मिळवायचा. त्या हिशेबाने ही दोनचा बत्तिसावा घात अधिक एक. पण ती मूळ नाही. तिला ६४१ने निःशेष भाग जातो, भागाकार ६७,००,४१७.

चूक खानदानी आहे, एवढे मान्य. १६४०च्या सुमारास खुद्द फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने या रांगेतल्या सगळ्या संख्या मूळ असाव्यात असे मानले होते. तो गेल्यावर ६७ वर्षांनी, १७३२ साली, ऑयलर या स्विस गणितज्ञाने हा ६४१ शोधून काढला.

मला शंका आली ती नातीमुळे. ‘‘आजोबा, कॅल्क्युलेटरवर आठच आकडे बसतात, ही दहा आकडी आहे,’’ म्हणाली. जन्मभर खतावण्यांच्या बेरजा हाताने ताडून पाहिलेला माणूस मी. पाठकोरे कागद घेऊन बसलो. वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्या घ्यायच्या तर त्या भरतात ६,५४२. ६४१चा नंबर त्यांत ११६वा. एवढे भागाकार करायची माझी तयारी नव्हती. पण ऑयलरनेच पुढे सिद्ध केले, की या संख्येचा कोणताही मूळ अवयव ६४च्या पटीत एक मिळवूनच येतो. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवा ६४१! माझ्या बाक्या अनुक्रमे १०९, २, ३२५, २८८ आणि ०. (५७७चा भागाकार दोनदा करावा लागला, हातचा विसरलो होतो.) २५७ची बाकी २ येणार हे मात्र आधीच कळते, कारण या रांगेत आधीच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार पुढचीपेक्षा बरोबर दोनने कमी भरतो: ३ × ५ = १५, ३ × ५ × १७ = २५५.

६४१चे तर भागाकाराविनाही जमते. ६४१ म्हणजे ५ × १२८ अधिक १; म्हणून ६४१ने भागल्यावर ५ × १२८ची बाकी उणे एक धरता येते. १२८ हा दोनचा सातवा घात. दोन्हींचा चौथा घात केला की ६२५ गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात, याची बाकी अधिक एक. आता ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. तेव्हा ६२५च्या जागी उणे १६, म्हणजे दोनचा उणे चौथा घात नव्हे हं, उणे चिन्हासह दोनचा चौथा घात, ठेवा. २८ आणि ४ मिळून ३२: दोनच्या बत्तिसाव्या घाताची बाकी उणे एक. त्यात एक मिळवला की शून्य. नातीने हे दोनदा समजावून घेतले आणि तिसऱ्यांदा मलाच समजावले.

कृपया येत्या रविवारी दुरुस्ती छापावी. मात्र ‘याच्या पुढची मूळ संख्या’ पुन्हा विचारू नये. ३ला शून्यावी धरले तर पाचवीपासून बत्तिसावीपर्यंत सगळ्या संयुक्त ठरल्या आहेत. तेहतिसावीचा निकाल लागायचा आहे, आणि तिचे अंकच अडीच अब्जांवर आहेत. पुरवणीत मावायची नाही.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस