‘आरोप निश्चित’ म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे

महोदय,

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि कागदांचे बाड घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठण्याचा त्रास वाचला. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची फार मोठी सोय झाली. पण खालच्या कोर्टात मराठी आणि उच्च न्यायालयात घटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. त्यामुळे फिर्याद, जबाब, पंचनामा सगळ्यांचे इंग्रजी करावे लागते आणि हाती पडतो तो आदेशही इंग्रजीच. हे भाषांतराचे काम मी करते. त्यातूनच हे पत्र लिहिते आहे.

माणसावर ठपका ठेवायच्या इंग्रजी शब्दांना कोर्टात पायऱ्या आहेत. ‘सस्पेक्ट’ म्हणजे नुसता संशय. ‘अलेज’ म्हणजे एका बाजूचे म्हणणे, अजून कुणी पारखलेले नाही. ‘चार्ज’ ठेवते ते न्यायालय. ‘कन्व्हिक्ट’ होतो तो खटला चालून दोषी ठरल्यावरच. जामिनाचा कुठलाही आदेश वाचा, ‘इट इज अलेज्ड’ वारंवार येते. ते गाळले की फिर्यादीचे म्हणणे थेट न्यायमूर्तींच्या तोंडी जाते. बातम्यांत ते सर्रास गळते. ‘हायकोर्ट म्हणाले’ असे छापून येते, आणि मूळ आदेशात बघावे तर ते फिर्यादीत काय लिहिले आहे एवढेच सांगणारे वाक्य असते. आदेशातली निरीक्षणे प्रथमदर्शनी व जामिनापुरतीच आहेत, असे न्यायालय शेवटी बहुधा बजावते. ती ओळही बातमीत येत नाही.

गोंधळाला पोलिसांचा छापील नमुनाही हातभार लावतो. एफआयआरच्या एकाच रकान्यात माहीत असलेले, संशयित आणि अनोळखी असे तिन्ही ‘आरोपी’ म्हणूनच येतात. १ जुलै २०२४ ला नवे फौजदारी कायदे आले, एफआयआरचे कलम १५४ चे १७३ झाले, पण या पायऱ्या होत्या तशाच राहिल्या.

सगळ्यात जास्त घोळ ‘आरोप निश्चित’ या मथळ्याने होतो. न्यायालयाने ‘चार्ज फ्रेम’ केला, म्हणजे खटला चालवण्याइतपत आधार दिसतो असे म्हणून नेमका आरोप लिहिला, तो आरोपीला वाचून दाखवला आणि ‘गुन्हा कबूल आहे का?’ असे विचारले. एवढेच. पुरावा तिथून पुढे सुरू होतो. वाचणारा मात्र ‘निश्चित’ वाचतो आणि गुन्हा शाबीत झाला असे समजतो. आमच्या पेठेत अशा मथळ्यानंतर एका घराशी लोकांनी बोलणे सोडले. चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र, ते तर पोलिसांचे. त्यालाही लोक कोर्टाचा निवाडा मानतात.

मध्यंतरी एक आई आदेशाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आली. मुलगा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. मिरवणुकीतल्या मारामारीच्या गुन्ह्यात बऱ्याच पोरांबरोबर त्याचेही नाव होते. तिने शेवटच्या पानावर एका शब्दाखाली पेनाने रेघ ओढून आणली होती. “बाई, चार्ज लागला न्हवं माझ्या पोरावर?” तो शब्द होता ‘डिस्चार्ज्ड’. त्याच्यावर खटला चालवण्याइतकेही काही नाही, असे सांगून न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केले होते. मी सांगितले तरी तिचा विश्वास बसेना. दोनदा मराठीत लिहून दिले तेव्हा ती उठली. गुन्हा दाखल झाला त्या दिवशी पोराचे नाव पेपरात होते. आरोपमुक्त झाला ती बातमी मी शोधली, कुठेच सापडली नाही.

आरोपमुक्ती आणि निर्दोष मुक्तता यांतला फरकही जपला पाहिजे. पहिलीत खटलाच चालत नाही, दुसरी खटला पुरा होऊन मिळते. आपल्याकडे दोन्हींना ‘निर्दोष सुटका’ म्हणतात, आणि जामिनालाही नुसते ‘सुटका’. लग्नाची बोलणी, नोकरीचा फॉर्म, पासपोर्ट, सगळीकडे नेमके काय झाले ते विचारले जाते. पासपोर्ट कायद्यात प्रलंबित खटला आणि झालेली शिक्षा यांच्यासाठी वेगवेगळी पोटकलमे आहेत. घरच्यांनाच नीट माहीत नसेल तर ते तिथे भलतेच लिहून बसतात.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे. ‘आरोप निश्चित’ऐवजी ‘आता खटला चालणार’ असे लिहावे. फिर्यादीतले म्हणणे फिर्यादीच्याच तोंडी ठेवावे. संशयिताला आरोपी आणि आरोपीला गुन्हेगार म्हणू नये. आणि ज्याचे नाव गुन्हा दाखल होताना छापले, तो आरोपमुक्त किंवा निर्दोष ठरला तर ती बातमी त्याच पानावर, तेवढ्याच टायपात द्यावी. आदेशाची प्रत घेऊन कुणी आले तर ते पान मराठीत समजावून द्यायला मी एक पैसाही घेणार नाही.

– एक भाषांतरकार, शुक्रवार पेठ, कोल्हापूर