नदीतली वाट

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

मैत्रिणींना घेऊन अमेरिकेतल्या युटामधल्या झायन राष्ट्रीय उद्यानात यायचं तुझं घाटतंय, म्हणून कालचा दिवस डोक्यात ताजा आहे तोवर लिहून टाकते. बाबांनी तंबूबाहेर बूट वाळत घातलेत, पण ते वाळायचं नाव घेत नाहीत.

नॅरोज म्हणजे झायनमधली नदीची अरुंद दरी. तिथे जायचं तर उद्यानाच्या शटल बसच्या शेवटच्या थांब्यावर, टेंपल ऑफ सिनावावाला उतरायचं. तिथून मैलभर नदीकाठानं छान बांधलेला रस्ता आहे. तो संपला की वाटच संपते. व्हर्जिन नदीत उतरायचं आणि प्रवाहाच्या उलट चालू लागायचं. सुरुवातीला बरेच जण या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत बूट कोरडे ठेवायला बघतात. तू त्या फंदात पडू नकोस, सरळ पाण्यात शीर. पाणी चांगलंच गार असतं, निओप्रीनचे (जाड रबरी) मोजे घाल. आधी काठी टेकायची, ती पक्की बसली की मग पाऊल, आणि तेही उचलून न टाकता सरकवत न्यायचं. खालचे गोटे गोल आणि बुळबुळीत आहेत. फेसाळ पाणी बहुधा उथळ, संथ हिरवं पाणी खोल, हे हळूहळू नजरेला कळायला लागतं. या सगळ्यात वेग निम्म्यावर येतो, तेव्हा नेहमीच्या चालीचा हिशोब इथे धरू नकोस.

कडे बघताना मात्र थांब. चालता चालता वर बघितलंस तर आपटशील! हा सगळा नवाहो वालुकाश्म, म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या. भिंतीवर तिरक्या रेघांचे पट्टे दिसतील, ते त्या टेकड्यांचे वाऱ्यानं रचलेले उतार. वरचं पावसाचं पाणी या दगडातून झिरपत खाली येतं, खालच्या घट्ट थराशी अडतं आणि आडवं फुटून भिंतीतून पाझरतं. तिथे नेच्यांचे झुबके लोंबतात. अशा ओल्या भिंतीवर नाक टेकेल इतक्या जवळून बघ. काळे, मिरीएवढे ठिपके दिसतील. त्या गोगलगायी आहेत, फक्त याच दरीत सापडणाऱ्या. बाबांना त्या घाण वाटल्या, मला त्यांच्यापुढून हलवेना. आणि एक करड्या रंगाचा डिपर पक्षी दगडावर उठाबशा काढत होता. बघता बघता सरळ धारेत घुसला आणि भलतीकडून वर आला.

ऑर्डरव्हिलची घळ उजवीकडे लागते, तिच्या पुढे वॉल स्ट्रीट नावाचा दरीचा भाग. तिथे दोन्ही भिंती जवळ येतात आणि आभाळाची एक पट्टी तेवढी उरते. नॅरोजमध्ये काही ठिकाणी रुंदी जेमतेम २०-३० फूट आणि कडे हजार फुटांपर्यंत. ही जागा सगळ्यात देखणी आणि पूर आला तर सगळ्यात वाईट, कारण वर चढायला कपारसुद्धा मिळत नाही. डोक्यावर ऊन असलं म्हणून निर्धास्त राहू नये. पाऊस वर कुठेतरी मैलोगणती लांब पडतो आणि त्याचं पाणी इथे येतं. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, की मिळेल ती उंच जागा गाठायची. फोटो नंतर.

खालून वर जाताना बिग स्प्रिंग या झऱ्यापर्यंत परमिट लागत नाही. पण तिथे पोचायलाच हवं असं डोक्यात घेऊ नका. डोंगराला माथा असतो, तिथे गेलं की माणूस आपोआप परततो. इथे माथाच नाही, फक्त पुढचं वळण आहे. म्हणून आम्ही निघतानाच ठरवलं होतं, एक वाजला की असू तिथून मागे. एक वाजला, आणि बाबा म्हणाले, “एवढं वळण बघू.” मी पाठ फिरवली. दहा मिनिटं अबोला होता, मग भूक लागल्यावर मिटला. येताना प्रवाह आपल्या बाजूनं असतो खरा, पण दमलेल्या पायांना तो मागून ढकलतो, गुडघे तेव्हाच बोलतात. हा परतीचा अर्धा दिवस मैत्रिणींना आधीच समजावून सांग.

पिण्याचं पाणी घरापासूनचं धरून चल. नदीत सायनोबॅक्टेरिया नावाचे विषारी जिवाणू आढळलेत, साधा फिल्टर त्याला पुरत नाही. डोकंही बुडवू नका.

प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला की नॅरोज बंदच करतात. पण ते उघडं आहे म्हणजे जायला हरकत नाही, असं समजू नकोस. पुराचा अंदाज वेगळा लावलेला असतो, निघायच्या सकाळी तो बघ आणि मला कळव. त्यावर ‘प्रॉबेबल’, म्हणजे पूर येण्याची बरीच शक्यता, असं लिहिलेलं असेल तर त्या दिवशी वरच्या एखाद्या पायवाटेनं जा, झायनमध्ये त्यांना तोटा नाही.

बाबांची काठी हवी असेल तर लगेच सांग. शेजारच्या तंबूतल्या मुलाला ती देऊन टाकायचं त्यांच्या मनात आहे.

तुझी,
आई