शामारेलची माती आणि आपला जांभा

रोझ हिल, मॉरिशस
रविवार, सकाळ

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल बेटाची नैऋत्य बाजू बघून आले. सकाळी आठला गाडी निघाली, बरोबर गाइड. मी रत्नागिरीची म्हटल्यावर तो दोन मिनिटं गप्पच झाला. त्याचे खापरपणजोबा मुंबईहून जहाजाने इथे उसाच्या मळ्यात राबायला आले होते. मूळ मुलूख रत्नागिरीकडचा, एवढंच घरात माहीत आहे. गावाचं नाव विसरलं गेलं. १८३४ पासून असे करारावरचे मजूर पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर उतरत गेले. त्याचं आडनाव म्हणजे त्या खापरपणजोबांचं नुसतं नाव आहे. मला फार वाईट वाटलं.

आधी क्यूर्पिपला त्रू ओ सेर पाहिलं, झोपलेल्या ज्वालामुखीचं तोंड. आत गर्द झाडी आणि तळाशी थोडं पाणी. ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, त्यामुळे वर चांगलाच गारवा होता. मग गंगा तलाव. आई, हा तलावही ज्वालामुखीच्या मुखातच साचलेला आहे. १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी आणून ओतलं. काठावर ३३ मीटर उंच शंकर उभा आहे. महाशिवरात्रीला लोक घरापासून इथवर चालत येतात, आपल्याकडे वारीला निघतात तसे. तुझ्या नावाने दिवा लावला.

दुपारी रस्त्याकडेच्या गाडीवर दालपुरी खाल्ली. आत शिजवून वाटलेली चणाडाळ, म्हणजे गुळाशिवायची पुरणपोळीच म्हण. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी. जोडीनेच देतात, एक मागितली तरी दोन!

पण बाबा, पत्र लिहायला बसले ते शामारेलच्या मातीसाठी. उघड्या टेकड्या, लाल, तपकिरी, जांभळ्या, पिवळ्या, एकीतून दुसरी उलगडत गेलेल्या. पाय ठेवू देत नाहीत, कठड्याबाहेरून बघायचं. काळा कातळ ऊन-पावसात कुजत गेला, त्यातलं बाकीचं वाहून गेलं आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लाल रंग लोहाचा. हे ऐकताना मला आपली चिरेखाण दिसायला लागली. आपला जांभाही असाच झालेला ना? मी गाइडला सांगितलं, आमच्या घराच्या भिंती याच्याच भावंडाच्या आहेत. खाणीतून काढताना चिरा मऊ असतो, वारा लागला की घट्ट होतो. तो म्हणाला, भावंडाच्याच, अगदी खरं. जमिनीखालच्या ज्या तप्त जागेतून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा काळा दगड वर आला, तिच्यातूनच पुढे हे बेट झालं. आपला भूभाग उत्तरेला सरकत गेला, ती जागा मागे राहिली. आज ती शेजारच्या रेयुनियन बेटाखाली धगधगते आहे, तिथला ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो. बाबा, तुम्ही जन्मभर ज्या दगडाला हात लावलात, त्याचं मूळ माझ्या इतक्या जवळ आहे.

शेवटी ल मॉर्न. समुद्रात घुसलेला ५५६ मीटरचा कडा. पळून आलेले गुलाम तिथे लपून राहत. १८३५ मध्ये गुलामी संपल्याचं सांगायला शिपाई आले, ते पकडायलाच आले असं समजून त्यांनी वरून उड्या टाकल्या, अशी आठवण इथे सांगतात. गाडीत मग कुणी फारसं बोललं नाही.

गणपती जवळ आले. इथे चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि मराठी घरांत अजून झाकरी नाचतात. ती आपली जाखडीच! गाइडला दोनच गाणी येतात, तीही अर्धी. आजोबांची वही माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे ना? बाबा, तिच्यातली चार-पाच गाणी पानांचे फोटो काढून लगेच पाठवा. अक्षर लागत नसेल तिथे आईला वाचायला लावा, तिला चालीसकट पाठ आहेत. मी नीट उतरवून चतुर्थीच्या आत त्याच्या घरी नेऊन देणार आहे.

तुमची,
धाकटी